एक किलो चारशे ग्रॅमचा तारा

गुलाबसिंग राठोडच्या हातची गाठ एकतीस वर्षांत एकदाही फुटली नव्हती, आणि दिग्रसमध्ये ज्याला हे माहीत नव्हतं त्याला गुलाबसिंग स्वतः रस्त्यात थांबवून सांगत असे. गाठ म्हणजे रुईची. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी काढली की मागे रुई उरते. ती प्रेसमध्ये दाबून दाबून एकशेसत्तर किलोचा ठोकळा करायचा आणि प्रेसनं दाब सोडायच्या आत त्याला लोखंडी पट्ट्या आवळायच्या. पट्टी कच्ची बसली तर गाठ ट्रकमध्ये, गोदामात, कुठंही फुटते आणि चार माणसांना पांढरं करून सोडते. इतरांच्या गाठी फुटत. गुलाबसिंगच्या नाही.

तोंडाचंही तसंच. गाठींबद्दल बोलायला लागला तर समोरच्याची गाडी चुकायची, पण मनातलं काही सांगायची वेळ आली की याची दातखीळ बसे. आणि मनात तर एकच गोष्ट होती, अकरा वर्षांपासून. तिचं नाव बसंतीबाई पवार.

बसंतीबाई त्याच जिनिंगमध्ये कवडी वेचायची, म्हणजे ढिगातला पिवळा, किडका कापूस निवडून बाजूला टाकायची. उंचनिंच, रुंद खांद्यांची बाई. तिच्यापुढे गुलाबसिंग बुटका, वाळका, आणि डोक्यावर रुईसारखे पांढरे केस. त्याची बायको जाऊन चौदा वर्षं झाली होती, तिचा नवरा जाऊन बारा. दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच सिमेंटच्या ओट्यावर भाकर खायला बसत, तो एका टोकाला, ती दुसऱ्या. अकरा वर्षांत गुलाबसिंग तिच्या बाजूला साधारण अडीच हात सरकला होता. हा आकडा काट्यावरच्या धर्मपालचा. धर्मपाल जिनिंगचा वजनकाटा सांभाळायचा, गुलाबसिंगचा जुना दोस्त होता, आणि मोजमापाच्या बाबतीत त्याच्यावर सगळं दिग्रस विश्वास ठेवायचं.

"असाच सरकत राह्यला," धर्मपाल म्हणायचा, "त दोन हजार पन्नासमधी पोचशीन तू तिच्यापाशी."

आडवं येणारं कोणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दोघं बंजारा, तांडे वेगळे, कुळं वेगळी. गुलाबसिंगच्या तांड्याचे नाईक डोंगरसिंग तर स्वतःच दोनदा म्हणाले होते की दुसऱ्या लग्नाचा पाट लावायचा असेल तर लाव बाबा, आम्हाला गोड जेवण मिळेल. आडवं येत होतं ते फक्त गुलाबसिंगचं तोंड. त्यातून जिनिंगमधल्या सगळ्या बाया त्याला राठोडभाऊ म्हणत आणि बसंतीबाईही तेच म्हणे. ते ‘भाऊ’ कानावर पडलं की गुलाबसिंगचा हातातला घास हातातच राही.

ते दोन हजार चौदा साल होतं. कापसाला भाव नव्हता. लोकांनी कापूस घरात भरून ठेवला होता, इतका की माणसं ओसरीत आणि कापूस खाटेवर, आणि जिनिंग आठवड्यातून दोनच दिवस चालायची. फेब्रुवारीत मालकानं सांगितलं की अठ्ठावीस तारखेला हंगाम बंद. एरवी तो एप्रिलपर्यंत चाले. बसंतीबाईनं जाहीर करून टाकलं की एक तारखेच्या सकाळच्या गाडीनं ती मुकुटबनला आपल्या लेकीकडे, उज्ज्वलाकडे जाणार, आणि आता तिकडेच राहणार. मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. तिथपर्यंत सरकत जायचं तर गुलाबसिंगला सात जन्म पुरले नसते.

जायला आठ दिवस उरले असताना दुपारच्या सुट्टीत धर्मपालची मुलगी मैत्रेयी ओट्यापाशी आली. मैत्रेयी त्याच वर्षी गावातल्या शाळेत विज्ञानाची बाई म्हणून लागली होती आणि तिला जगातलं जे काही माहीत होतं ते संध्याकाळच्या आत सगळ्यांना सांगून टाकायची घाई असे.

"काका, मले थोडीशी रुई पाह्यजे," ती म्हणाली. "अठ्ठावीसले विज्ञान दिन हाये. मले तारा फोडून दाखवाचा हाये."

"तारा," गुलाबसिंग म्हणाला.

"तारा जळून जळून संपला की कधी कधी त्याचा नुसता गोळा उरते. पांढरा. त्याले श्वेत बटू म्हणतात. वजनानं सूर्याएवढा अन् आकारानं आपल्या पृथ्वीएवढा."

गुलाबसिंगनं भाकर खाली ठेवली. "म्हणजे गाठ."

मैत्रेयी त्याच्याकडे बघतच राहिली. तीन दिवस नववीच्या वर्गात घसा फोडून जे कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते या माणसाला एका घासात कळलं होतं. "हाव काका. गाठच."

"अन् ते फुटते?"

"वजन वाढलं की फुटते. सूर्याच्या एक पूर्णांक चार पटीजवळ गेलं की आतमधी आग लागते अन् सेकंदात सारा तारा उडते. आत्ता जानेवारीतच एक दिसला, पेपरात आलतं. फुटला कोटभर वर्षांआंधी, उजेड आत्ता येऊन राह्यला."

"पण वजन काहून वाढीन? तो त संपला ना?"

"तेच त कोडं हाये. शास्त्रज्ञ अजून भांडून राह्यले त्यावर." मैत्रेयी ओट्यावर चढून बसली. "काही म्हणतात, त्याच्या बाजूले मोठ्ठा फुगलेला तारा असते, लाल. बटू त्याचा माल ओढून ओढून घेते अन् एक दिवस जास्त होते. दुसरे म्हणतात, तसं नाही, दोन बटूच असतात. एकमेकांभोवती फिरतात, फिरता फिरता जवळ येतात, जितके जवळ तितके जोरात, अन् शेवटी एकमेकांवर आदळतात. कधी हे होत असन, कधी ते. पक्कं कोनालेच ठाऊक नाही."

"अन् एकटा असला त?"

"एकटा असला त काहीच नाही, काका. हळूहळू गार होत जाते. कोनाले पत्ता बी लागत नाही."

गुलाबसिंगनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. बसंतीबाई पाणी पीत होती. म्हणजे संपलेला, पांढरा, बुटका गोळासुद्धा उडू शकतो. सोबत पाहिजे, एवढंच.

"आणखी एक," मैत्रेयी ओट्यावरून उतरता उतरता म्हणाली. "तुमच्या पट्टीतलं लोखंड हाये ना, जगातलं तसं बरंचसं लोखंड अशाच ताऱ्यांत तयार झालं."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं, असं पुढे सगळ्यांचं मत पडलं. पण त्या वेळी कोणाला काय माहीत.

मैत्रेयीचा बेत सोपा होता. एक किलो म्हणजे एक सूर्य. गुलाबसिंगनं एक किलो रुईची छोटी गाठ करायची, म्हणजे तो बटू. ती काट्यावर ठेवायची. शेजारी लाल तारा रुईचं पोतं घेऊन उभा राहील आणि मुलं त्या पोत्यातली रुई काढून लाकडी काडीनं गाठीत कोंबत राहतील. गाठ बांधायची कच्च्या सुतानं, अशी की काटा एक किलो चारशे ग्रॅमवर गेला की सूत तटकन तुटेल आणि रुई उसळून बाहेर येईल. मुख्याध्यापक वामनराव यांना अहवालात लोकसहभाग दाखवायचा होता, त्यामुळे लाल तारा गावातलाच कोणीतरी पाहिजे होता. मैत्रेयीनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि उंचीरुंदी बघून जागेवरच निवड केली.

"मी तारा?" बसंतीबाई म्हणाली. "मले काय करा लागीन?"

"उभं राहा लागीन, मावशी. लाल घालून. अन् तुमचं हे काका ओढून घेतीन."

"घेऊ दे," बसंतीबाई म्हणाली. "ओढाले कोनी आलं त पाह्यजे." आणि उरलेलं पाणी तिनं ओट्याच्या कडेच्या तुळशीला ओतलं. गुलाबसिंगला त्या दिवशी भाकर गेली नाही.

गाठ करायला त्याला तीन दिवस लागले. लाकडी पेटी केली, ट्रकचा जॅक लावून दाब दिला, कच्चं सूत बांधलं. धर्मपालच्या काट्यावर तालीम झाली. एक किलो तीनशे नव्वदला सूत तुटलं, गाठ फुटली, धर्मपाल पांढरा झाला, सगळे खूश. गुलाबसिंगनं तशीच दुसरी गाठ केली आणि घरी नेऊन फळीवर ठेवली.

विज्ञान दिनाच्या सकाळी त्यानं ती खाली काढली आणि त्याचं काळीज हललं. गाठ पोट सोडून बसली होती. सूत ढिलं, कडा गोल, आणि वर मैत्रेयीनं सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: गाठ बांधणार श्री. गुलाबसिंग राठोड. तीनशे मुलांसमोर ही जाणार, या नावानं, आणि फुटणार. त्याला ते बघवेना. आणि मैत्रेयी स्वतःच म्हणाली होती की लोखंड ताऱ्यातलंच असतं, मग ताऱ्याला लोखंड लावलं तर बिघडलं कुठं? त्यानं एक बारीक पट्टी कापली, सुताच्या खालून फिरवली, आकडा अडकवला आणि वरून सूत सारखं केलं. हाताला बरं वाटलं. माणूस चोरी करतो तेव्हा घाबरतो. गुलाबसिंग शीळ वाजवत शाळेत गेला.

हॉलमध्ये पंखे गरगरत होते. पुढच्या रांगेत वामनराव आणि पाहुणे, मागे तीनशे मुलं, मधल्या टेबलावर काटा आणि त्यावर गाठ. जिनिंगला शेवटचा दिवस म्हणून सकाळीच सुट्टी झाली होती, त्यामुळे धर्मपालसकट सगळी माणसं दारात गर्दी करून होती. मग बसंतीबाई आली.

एरवी ती साध्या पातळात असे. आज तिनं पेटीतला जुना फेट्या काढला होता, बंजारा बायांचा तो घेरदार लाल घागरा, जागोजाग आरसे लावलेला, आणि डोक्यावरून लाल ओढणी. बारा वर्षांत तो बाहेर निघाला नव्हता. पंख्याखाली ती उभी राहिली तशी आरशांचे कवडसे सगळ्या भिंतींवर धावायला लागले, आणि एक नेमका वामनरावांच्या चष्म्यावर जाऊन बसला. गुलाबसिंगला उद्याची गाडी आठवली, सकाळी सव्वासातची.

"सुरू," मैत्रेयी म्हणाली.

मुलं रुई कोंबायला लागली. काट्यावरचा आकडा चढू लागला तशी मागची मुलं एका सुरात ओरडून मोजू लागली. एक किलो दोनशे. एक किलो तीनशे. वामनराव खुर्चीच्या कडेला आले. एक किलो चारशे, आणि तटकन सूत तुटलं.

गाठ जागची हलली नाही.

एक किलो साडेचारशे. पाचशे. मुलांचा सूर जरा डळमळला, कारण विश्वाचा नियम फळ्यावर लिहिलेला होता आणि गाठ तो पाळत नव्हती. सहाशेला कोंबणाऱ्या मुलाची काडी मोडली. वामनरावांनी उठून गाठ जवळून पाहिली, बोटानं टोचली आणि म्हणाले, "मॅडम, हा तारा फुटणार कधी?"

मैत्रेयीनं गाठीच्या पोटाशी चमकणारी पट्टी पाहिली. मग तिनं गुलाबसिंगकडे पाहिलं.

"कच्चं बांधणं हाताले येतच नाही, पोरी," गुलाबसिंग म्हणाला. तो खरोखर ओशाळला होता, पण आवाजात थोडा अभिमान आलाच. "एकतीस वर्षं झाली."

दारातून धर्मपालचं हसू ऐकू आलं. मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं; पहिलीच नोकरी, पहिलाच विज्ञान दिन. तेवढ्यात लाल ताऱ्यानं आपलं पोतं खाली ठेवलं.

"हा असा नाही फुटत, बाई," बसंतीबाई म्हणाली. "किती बी द्या याले. मी अकरा वर्षं पाहून राह्यली. तुही दुसरी रीत काय होती? दोन बटूची?"

"ती... ती मी ठेवलीच नाही, मावशी. एकमेकांभोवती फिराचं ते."

"फुगडी म्हण ना मंग," बसंतीबाई म्हणाली.

तिनं लाल ओढणी डोक्यावरून काढली आणि कमरेला खोचली. खाली केस होते, पांढरे, एकूण एक. गुलाबसिंग बघत राहिला. अकरा वर्षं तो हिच्या बाजूला सरकत होता आणि पदराखाली हे केस कधी पांढरे झाले हे त्याला कळलंच नव्हतं. आपण एकटेच गार होत नव्हतो, एवढं त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याला एकदम रडू आलं आणि हसूही.

"या, राठोडभाऊ," तिनं दोन्ही हात पुढे केले.

त्यानं हात धरले. कोणाच्याही सांगण्यावरून नाही, पाय आपोआप जुळले आणि दोघं फिरायला लागले. आधी हात लांब ताणून, सावकाश, म्हातारी माणसं फिरतात तसे. मुलं टाळ्या वाजवायला लागली. मैत्रेयीला भान आलं आणि ती टाळ्यांवरून ओरडून सांगू लागली की बघा, आता हात वाकताहेत, अंतर कमी होतंय, बघा वेग कसा वाढला. आणि खरंच वाढला. कोपरं वाकली. फेट्या फुगून गोल झाला, आरशांचे कवडसे भिंतींवरून असे पळायला लागले की कोणाला काही मोजता येईना. वामनराव, काटा, धर्मपाल, पुन्हा वामनराव, आणि मग त्या सगळ्यांची एकच पट्टी झाली. त्या गरगरणाऱ्या जगात स्थिर असं एकच होतं, बसंतीबाईचं तोंड, आणि ते हसत होतं. गुलाबसिंगला वाटलं, हे थांबूच नये. मरेपर्यंत चालावं.

चाललं आणखी चार फेरे. मग दोघांच्याही डोक्यात चक्कर शिरली, पाय पायांत अडकले, टेबल आडवं झालं, काटा एकीकडे उडाला आणि गुलाबसिंग पाठीवर पडला, थेट गाठीवर. गाठ तरीही टिकली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तो पुढे अनेक वर्षं हे सांगणार होता. एकट्याच्या वजनानं गाठीला काहीही झालं नाही. पण त्याचे हात अजून तिच्या हातांत होते, त्यामुळे पाठोपाठ बसंतीबाईही त्याच्यावर पडली.

आता, पट्टी ओढून निघत नाही, हे प्रेसवरच्या कोणालाही विचारा. ती निघते दाबून. गाठ आणखी दबली की पट्टी सैल पडते आणि आकडा आपोआप सुटतो. एकाच्या वजनानं सुटला नव्हता तो दोघांच्या वजनानं सुटला. खाली बारीकसा टक् असा आवाज झाला. गुलाबसिंगला तो आवाज चांगला ओळखता आला, एकतीस वर्षं तो न यावा म्हणून त्यानं जिवाचं रान केलं होतं.

बसंतीबाई एका कुशीवर घसरली, आणि सहाशे ग्रॅम जादा घेऊन बसलेला तो तारा उडाला.

दीड-पावणेदोन किलो रुई म्हणजे किती असते हे ज्यानं पिंजून पाहिलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पंख्यांनी ती झेलली आणि हॉलभर फेकली. वामनराव गेले, पाहुणे गेले, फळा गेला, त्यावरचा नियम गेला. तीनशे मुलं आ वासून वर बघत होती, आणि तोंड उघडं ठेवलं की काय होतं ते त्यांना लगेच कळलं. क्षणभर सगळं पांढरं आणि चिडीचूप झालं.

त्या पांढऱ्यात गुलाबसिंगला काही दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच जमलं. एकदा एक आकडा सुटल्यावर दुसरा तरी कशाला धरून राहील?

"बसंती," तो म्हणाला. नुसतं बसंती, बाई न लावता. "मुकुटबनले नको जाऊ. मले तुह्याशिवाय करमत नाही. अकरा वर्षं झाली सांगीन सांगीन म्हणतो. माया घरी चाल. पाट लावू. डोंगरसिंग नाईकबी हो म्हणते."

हे सगळं हॉलमधल्या शेवटच्या बाकापर्यंत नीट ऐकू गेलं. रुई हळूहळू खाली बसायला लागली. आधी पंखे दिसले, मग मैत्रेयी, तोंडावर हात दाबून उभी असलेली, मग बसंतीबाई. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर, आरशांवर रुई होती. ती गुलाबसिंगकडे बघत पापण्या मिचकावून त्यांवरची रुई झटकत होती. एवढा वेळ गुलाबसिंगला कोटभर वर्षांपेक्षा जास्त वाटला.

"आंधी हात त सोड, गुलाबसिंग," ती शेवटी म्हणाली. "मंग सांगतो."

ती भाऊ म्हणाली नव्हती. गुलाबसिंगनं ते ऐकलं, दारात धर्मपालनं ऐकलं, आणि गुलाबसिंगनं हात सोडले नाहीत. सोडायचे कसे, तिनंच घट्ट धरले होते.

मैत्रेयीनं शाळेच्या अहवालात लिहिलं की दोन्ही पद्धतींचं प्रात्यक्षिक झालं, त्यांपैकी दुसरी यशस्वी. वामनरावांनी लोकसहभाग या शब्दाखाली लाल रेघ ओढली.

एक तारखेला सकाळी सव्वासातची गाडी दिग्रसच्या स्टँडवरून निघाली तेव्हा बसंतीबाई तिच्यात होती. मुकुटबनला जायचंच होतं, उज्ज्वलाला सांगायला नको? दोघांच्या बाकावर ती खिडकीशी बसली होती आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानामागची रुई नखानं काढत होती. पोचवायला आलेल्या धर्मपालनं सवयीनं खिडकीतून आत डोकावून पाहिलं. मोजायला मध्ये काही उरलंच नव्हतं. त्यानं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि तो आपल्या बंद काट्याकडे निघून गेला.